पोटातले बिऱ्हाड

या सदरात आपल्याला पेन्शन, आय.एस.ए. आणि रक्तदाब यांच्याविषयी वाचायची सवय आहे. मी डॉक्टर नाही, गुंतवणूक सल्लागारही नाही. सांगलीला इंजिनिअरिंग करून 2014 साली या देशात आलो आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरतो. ते पोटच बिघडले म्हणून हा लेख. संपादकांनी 'मोकळेपणाने लिहा' असे सांगितले आहे, त्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहितो. जेवताना वाचत असाल तर अंक बाजूला ठेवून नंतर उचलावा.

2021 च्या शरदात मला शौचाला रक्त दिसले. मूळव्याध असेल, दिवसभर खुर्चीत बसून झाली असेल, असे मीच ठरवून टाकले. इसबगोल आणला. सौ.ला सांगितले नाही, जी.पी.ला तर नाहीच. दिवसातून सहा-सात वेळा जावे लागायचे, ऑफिसच्या बैठकीत मी दाराजवळची खुर्ची धरायचो. आठ महिने हे चालले. आईला फोनवर फक्त 'पोट बरं नसतं' एवढेच बोललो होतो. ती म्हणाली, "तिकडचं पाणी मानवलं नाही रे तुला." सात वर्षे पाणी मानवले आणि आठव्या वर्षी नाही, हे कसे? मी हसण्यावारी नेले.

शेवटी वजन नऊ किलोने उतरले तेव्हा सौ.नेच अपॉइंटमेंट घेतली. मलातले कॅलप्रोटेक्टिन तपासले, मग दुर्बीण घालून मोठे आतडे पाहिले. निदान झाले अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणारी सूज आणि व्रण. शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. हा आजार औषधांनी ताब्यात राहतो, पण मुळापासून जात नाही. कन्सल्टंटबाई सहज म्हणाल्या, "या भागातल्या भारतीय कुटुंबांत आम्हाला हे बरेच दिसते." मी लेस्टरजवळ राहतो. घरी येऊन शोधले, तर यावर खरोखरच अभ्यास झालेला निघाला, तोही आपल्याच गावात.

प्रोबर्ट, जयंती, मेबेरी आदी डॉक्टरांनी 1992 मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात लेस्टरशरची पाहणी प्रसिद्ध केली. 1980 च्या दशकात तिथल्या हिंदू कुटुंबांत या आजाराचे नवे रुग्ण गोऱ्या रहिवाशांच्या मानाने सुमारे दुप्पट प्रमाणात आढळले होते. त्या काळी भारतात हा आजार विरळा समजला जाई. पुढे 1990 च्या दशकात याच गावात पुन्हा पाहणी झाली, तेव्हा इथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतही प्रमाण जास्तच दिसले. रक्त तेच, आडनावे तीच. बदलला तो मुक्काम. मग मुक्काम बदलल्याने आतड्यात नेमके काय बदलते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी माकडांपर्यंत पोहोचलो. कसा, ते सांगतो.

आपल्या आतड्यात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंचे एक मोठे बिऱ्हाड असते. 2016 मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला. सरासरी पुरुषाच्या शरीरात स्वतःच्या सुमारे 30 लाख कोटी पेशी आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. म्हणजे डोकी मोजून मतदान घेतले तर आपण आपल्याच घरात अल्पमतात आहोत. या सगळ्यांचे एकत्र वजन मात्र जेमतेम पाव किलो. आपल्याला पचत नाही तो चोथा ते पचवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन हेच. भाडेकरू फुकट राहत नाहीत, भाडे भरतात.

हे भाडेकरू कुठून आले? काही जण अगदी वाडवडिलांपासूनचे आहेत. 2016 मध्येच अँड्र्यू मोएलर आणि सहकाऱ्यांनी माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या विष्ठेतल्या जिवाणूंच्या वंशावळी 'सायन्स'मध्ये मांडल्या. जिवाणूंच्या दोन कुळांत त्यांना असे दिसले की यजमानांच्या शाखा जिथे फुटल्या, जवळपास तिथेच जिवाणूंच्याही शाखा फुटल्या. सुमारे दीड कोटी वर्षे हे कूळ-यजमान नाते टिकून आहे. आमच्या धंद्यात वीस वर्षांपूर्वीचा कोड कुणी हात लावायला धजत नाही, आणि इथे दीड कोटी वर्षांचा कोड चालू आहे. त्याच शास्त्रज्ञाच्या आधीच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती. रानातल्या वानरांच्या मानाने माणसाच्या आतड्यातली विविधता घटलेली आहे, आणि अमेरिकेतल्या शहरी माणसाची सर्वांत जास्त.

आता आपले वानर पाहा. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे हनुमान लंगूर आपण गडावर, देवळाच्या आवारात, चिंचेच्या झाडावर लहानपणापासून पाहिलेले आहेत. हा प्राणी भरपूर पाला खाऊन जगतो. पाल्यात सेल्युलोज असते, आणि ते मोडणारे पाचकद्रव्य कुठल्याच माकडाकडे नाही, आपल्याकडेही नाही. म्हणून लंगुराचे पोट गाईसारखे कप्प्यांचे झाले आहे. पुढच्या कप्प्यात जिवाणू पाला कुजवतात, आणि पुढे लंगूर त्या जिवाणूंनाच पचवतो. जिवाणूंचे कवच फोडण्यासाठी त्याच्या जठरात लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. आपल्या अश्रूंतही ते असते, पण आम्लात टिकून काम करील असा बदल लंगुराच्या लायसोझाइममध्ये झालेला आहे. 1987 मध्ये कॅरो-बेथ स्टुअर्ट, अॅलन विल्सन आदींनी 'नेचर'मध्ये दाखवले की गाय आणि लंगूर यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नसताना दोघांच्या लायसोझाइममध्ये काही ठिकाणी तेच ते बदल स्वतंत्रपणे घडून आले आहेत. भाडेकरूंच्या सोयीसाठी मालकाने घराचा नकाशाच बदलला म्हणायचा.

इथे शाकाहारी वाचकांसाठी जरा थांबतो. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, जिवाणू करतात. लंगुराचे जिवाणू पोटाच्या पुढच्या भागात असतात, त्यामुळे त्यांचे बी-12 खाली लहान आतड्यात शोषले जाते. आपलेही जिवाणू बी-12 तयार करतात, पण मोठ्या आतड्यात. शोषण होते त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी. पाऊस पडला, पण धरणाच्या खालच्या अंगाला! त्यामुळे लंगूर शाकाहारी राहून धष्टपुष्ट असतो म्हणून आपल्यालाही काही लागत नाही, हा युक्तिवाद चालत नाही. दूध-दही घेणाऱ्यांनीसुद्धा मुंग्या येणे, थकवा, विसरभोळेपणा असेल तर जी.पी.कडे रक्त तपासून घ्यावे. मी घेतले, कमी निघाले.

माकडांकडे वळण्याचे कारण आमची कन्या. गेल्या वर्षी शाळेच्या सुट्टीत आम्ही डेव्हनमध्ये पेन्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिचा प्रश्न होता, "बाबा, माकडांना केळी का देत नाहीत?" उत्तर शोधल्यावर कळले की या संग्रहालयाने 2014 साली माकडांना केळी देणे बंद केल्याची बातमी देशभर गाजली होती. तिथल्या शास्त्रज्ञ एमी प्लाउमन यांचे म्हणणे असे की माणसाने गोडीसाठी वाढवलेले फळ आणि रानफळ यांत फार अंतर आहे. दुकानातल्या केळ्यात साखर जास्त, प्रथिने आणि चोथा कमी. माकडाला ते देणे म्हणजे आपण रोज केक आणि चॉकलेट खाण्यासारखे. दात किडतात, मधुमेहाची भीती, पोटाच्या तक्रारी. हळूहळू फळे कमी करून पालेभाज्या आणि इतर भाज्या वाढवल्या, आणि केळे उरले ते फक्त आजारी माकडाला औषध लपवून देण्यापुरते. आपल्याकडे गुळात गोळी देतात तसे.

पिंजऱ्यातल्या माकडाच्या पोटात काय होते, यावर 2016 मध्ये जोनाथन क्लेटन, डॅन नाइट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिएतनाममधले डूक लंगूर हे आपल्या लंगुराचे चुलतभाऊ, पालाच खाणारे, आणि बंदिवासात पोटाच्या विकारांनी हमखास त्रस्त होणारे. रानातल्या डूकांच्या पोटात त्यांच्या खास जिवाणूंची मोठी विविधता होती. प्राणिसंग्रहालयातल्या डूकांत ती बरीचशी नाहीशी झाली होती, आणि त्या जागी आधुनिक माणसाच्या आतड्यात बहुसंख्य असणारे प्रिव्होटेला आणि बॅक्टेरॉइडिस हे जिवाणू आले होते. अर्धवट बंदिवासात, थोडा रानचा आहार मिळणारे प्राणी दोन्हींच्या मधोमध. चोथ्याची घट हे त्याचे मुख्य कारण असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे.

हे वाचताना मला राहून राहून आपली मंडळी डोळ्यांपुढे येत होती. आणि गंमत म्हणजे नाइट्स यांच्या गटाला पुढचा प्रश्न तोच पडला. माणसाचे काय? 2018 मध्ये 'सेल' या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. थायलंडमधले आणि तिथून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात आलेले ह्मोंग आणि कारेन समाजाचे लोक, एकूण पाचशेहून अधिक निरोगी माणसे. अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातली विविधता घटू लागली. प्रिव्होटेला मागे पडून बॅक्टेरॉइडिस पुढे आला, आणि चोथा मोडणारी काही पाचकद्रव्ये त्यांच्याबरोबर गेली. मुक्काम जितका लांबला तितका बदल वाढत गेला, आणि तिथे जन्मलेल्या मुलांत तर आणखी. वजन जास्त असलेल्यांत ही घट अधिक होती. वाचकहो, 'पाणी मानवले नाही' हे आईचे वाक्य मला त्या रात्री निराळेच ऐकू आले. महिने आणि वर्षे घेत घेत न मानवणारे पाणीही असते तर.

आपल्या पोटातले मूळचे बिऱ्हाड कसे असते, याचे काम पुण्यात झाले आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने 2016 मध्ये पुणे आणि दिल्लीच्या निरोगी लोकांचे जिवाणू तपासून इतर देशांशी ताडून पाहिले, तेव्हा भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा यांचे प्राबल्य दिसले. प्रिव्होटेलाचा संबंध धान्य-कडधान्यांच्या चोथ्याशी लावतात. भाकरी, उसळ, पालेभाजी यांवर पोसलेले ते बिऱ्हाड. आता चौकस वाचक विचारतील, की डूकाच्या पोटात प्रिव्होटेला येणे वाईट आणि आपल्या पोटातून जाणे वाईट, हे कसे? प्रश्न बरोबर आहे. कुठलाही जिवाणू स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो. कोणाच्या घरात, कोणत्या खाण्यावर, कोणाच्या शेजारी राहतो, त्यावर ते ठरते.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो, कारण अर्धवट वाचून मीही इथेच घसरलो होतो. स्थलांतराने जिवाणू बदलतात हे दिसले आहे. लेस्टरमध्ये आपल्या लोकांना कोलायटिस जास्त होतो हेही दिसले आहे. पण पहिल्यामुळेच दुसरे होते, हे अजून सिद्ध झालेले नाही. कोलायटिसच्या रुग्णांत जिवाणूंची विविधता कमी असते खरी, पण ते आजाराचे कारण की परिणाम? घरात चोरी झाली आणि दार मोडलेले सापडले, तर दार आधी मोडले की चोराने मोडले, तसे हे आहे. अनुवंश, प्रतिजैविके, संसर्ग, सगळेच संशयित आहेत.

मी काय केले? आधी मूर्खपणा केला. एका कंपनीकडून घरबसल्या मलपरीक्षेचा संच मागवला, शंभरावर पौंड मोजले. रंगीत पट्ट्यांचा झकास अहवाल आला. तो कन्सल्टंटबाईंना दाखवला, तर त्यांनी सौजन्याने पाहिला आणि परत दिला. त्यावरून औषध बदलता येत नाही, म्हणाल्या. 2024 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने काढलेल्या निवेदनातही डॉक्टरांच्या शिफारशीशिवाय अशा चाचण्या करू नयेत असेच म्हटले आहे. मग महागड्या जिवाणूंच्या गोळ्या. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये कोलायटिससाठी त्या संशोधनाबाहेर वापरू नयेत असे सुचवले आहे. तेही पैसे गेले. दुसऱ्याचे जिवाणू घालण्याचा उपाय ऐकून कुणी नाक मुरडतील, पण निरोगी माणसाच्या विष्ठेतून तयार केलेला हा उपचार इथल्या 'नाइस' या संस्थेने 2022 मध्ये सी. डिफिसिल या वारंवार उलटणाऱ्या संसर्गासाठी मान्य केला आहे. फक्त त्यासाठी, माझ्या आजारासाठी नव्हे. इंटरनेटवर घरच्या घरी करायच्या कृती सापडतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नये.

माझ्या उपयोगाला आले ते मेसालाझिन, वेळच्या वेळी. आजार उसळलेला असताना भाकरी आणि कोशिंबीर सोसत नव्हती. गुरगुट्या भात आणि मेतकूट यांवर दिवस काढले, आणि तेव्हा 'चोथा खा, बरा होशील' म्हणणाऱ्यांचा राग यायचा. आजार शांत झाल्यावर आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने हळूहळू चोथा वाढवला. या देशात प्रौढांना दिवसाला 30 ग्रॅम चोथा सुचवलेला आहे (2015 पासून), आणि सर्वसाधारण माणूस त्याच्या दोन तृतीयांशापर्यंतही कसाबसा पोहोचतो. आमच्या घरचे मी एक आठवडा एक्सेलमध्ये मांडले. सकाळी पांढरा टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री पांढरा भात किंवा पास्ता, म्हणजे केळ्यांवर ठेवलेल्या माकडासारखीच आमची गत. आता आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकरी आणि मटकी किंवा मसुराची उसळ असते. ज्वारीचे पीठ लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर सहज मिळते, आणि या खर्चाची त्या मलपरीक्षेशी तुलनाच नको. घरचे दही-ताक आहेच. स्टॅनफर्डमध्ये 2021 साली 36 जणांवर केलेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली होती. नुसता चोथा वाढवलेल्यांची तेवढ्या काळात वाढली नाही. छोटा प्रयोग, पण ताक प्यायला आपल्याला निमित्त कशाला हवे!

सौ.ची चिंता निराळी होती. कन्या सिझेरियनने झालेली, तिचे बिऱ्हाडच अपुरे आले असेल का? 2019 मध्ये इथल्याच 596 बाळांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला आहे. सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइडिस कमी आणि रुग्णालयात आढळणारे काही जिवाणू जास्त होते, पण सहा ते नऊ महिन्यांपर्यंत फरक बराचसा बुजला होता. बाळंतपणाची पद्धत यासाठी बदलू नये, असेच संशोधकांनी सांगितले. सौ.ला त्याने थोडे हायसे वाटले. मला केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांनी जास्त धीर दिला. 2015 च्या एका अभ्यासात दिसले, की जे बबून एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचत बसतात त्यांचे आतड्यातले जिवाणूही एकमेकांशी जास्त जुळतात. आजी आली की नातीला मांडीवर घेऊन तासन् तास वेणी घालत बसते, ते मी आता अडवत नाही.

आता या सदराला शोभेल असा हिशेब. कोलायटिस हा इंग्लंडमध्ये फुकट औषधांच्या आजारांच्या यादीत नाही. 2024 मध्ये दर औषधामागे 9.90 पौंड आकार झाला, आणि वर्षभराचे आगाऊ प्रमाणपत्र 114.50 पौंडांना होते. म्हणजे वर्षात बारा किंवा जास्त औषधे लागणाऱ्याला ते परवडते, आणि पैसे दहा हप्त्यांत भरता येतात. मी पहिले वर्ष माहिती नसल्याने सुटे पैसे भरत राहिलो. सध्याचा दर एन.एच.एस.च्या पानावर पाहून घ्यावा. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या वाचकांना हा प्रश्न नाही, त्यांनी आमच्याकडे सहानुभूतीने पाहावे.

दुसरे म्हणजे, इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या चाळणीचा संच पोस्टाने घरी येतो. तो फुकट असतो, नमुना घ्यायला दोन मिनिटे लागतात. मिडलंड्समधल्या पाहणीत आपल्या दक्षिण आशियाई मंडळींकडून तो परत जाण्याचे प्रमाण कमी दिसले. माझ्या परिचयाच्या एका काकांनी तो न उघडता रद्दीत टाकला होता. आम्ही दोघांनी मिळून फोन करून नवा मागवला. पण रक्त दिसत असेल, किंवा शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली असेल, तर संचाची वाट पाहत बसू नये, सरळ जी.पी.ला गाठावे, वय काहीही असो. इंग्रजीत कसे सांगायचे हा प्रश्न असेल तर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि आधी मराठीतच कुणाशी तरी बोलावे असे वाटले, तर गणपतीला हॉलवर मी चहाच्या टेबलामागे असतो.